क्वालालंपूरची वाट

विसरवाडीच्या फाट्यावर बस बंद पडली, तेव्हा ऊन नुकतं कलायला लागलं होतं. सुरतहून शहाद्याला निघालेली ती एसटी. ड्रायव्हरने पुन्हा पुन्हा चावी फिरवून पाहिली, इंजिन म्हाताऱ्यासारखं खोकलं आणि गप्प झालं. कंडक्टरने खाली उतरून आधी बसकडे, मग रस्त्याकडे पाहिलं आणि जाहीर केलं, “मागची गाडी येईल. तोवर चहा घ्या सगळ्यांनी.”

चारुलता टपरीपुढच्या बाकाच्या टोकाला जाऊन बसली. सुरतेला मावसबहिणीचं डोहाळजेवण उरकून ती घरी निघाली होती. मांडीवर घारीचा डबा, अंगावर शाल, आणि कानांत हायवेवरच्या ट्रकांची घरघर. पौषातली थंडी होती. दोन्ही हातांत चहाचा ग्लास धरून ती नुसती ऊब घेत बसली होती, तेवढ्यात तिच्याकडे पाठ करून उभा असलेला एक उंच तरुण फोनवर बोलायला लागला. ट्रकांमुळे त्याला ओरडावंच लागत होतं.

“हां आई, सोमवारे सकायमा टॉवर. हां, त्याच, जोडीना टॉवर... क्वालालंपूरना! वर जावानं तिकीट आजच काढी लेस मी.”

“सोमवारी बंद असतं ते,” चारुलता म्हणाली.

म्हणून गेली खरी, आणि लगेच जीभ चावली. कोण कुठला माणूस, आपल्याला काय करायचंय?

तो वळला. सावळा चेहरा, वाऱ्याने विस्कटलेले केस, आणि डोळ्यांत असं भाबडं आश्चर्य, की तिला हसूच आलं.

“आई, थांब जरासं,” तो फोनमध्ये म्हणाला, “आठे कोणी म्हणी ऱ्हायनं, सोमवारे बंद शे.”

“कोण म्हणी ऱ्हायनं?” पलीकडचा बाईचा आवाज बाकापर्यंत ऐकू आला.

तो तिच्याकडे बघत राहिला. “एक... पोरगी.”

“मंग तिलेच इचार ना, मंगळवारे उघडं शे का ते!”

चारुलताने शालीचा पदर तोंडावर धरला. “उघडं असतं,” ती म्हणाली. “पण सकाळचं घ्या. संध्याकाळची तिकिटं आधीच संपतात.”

त्याचं नाव भूपेश. म्हसावदचा. ठिबक सिंचनाच्या कंपनीत नोकरीला, दिवसभर केळीच्या आणि पपईच्या बागांतून फिरणारा. वडील जाऊन काही वर्षं झालेली. घरी तो आणि त्याची आई, शोभाबाई. या शोभाबाईंच्या मनाने घेतलं होतं, की एकदा विमानात बसायचं आणि दुसरा देश बघायचा. मलेशियाचं तिकीट स्वस्तात मिळालं म्हणून मलेशिया.

“टूरवाल्यांकडे गेलो होतो,” भूपेश सांगत होता. तो आता बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. “त्यांचं सगळं काचेच्या गाडीतून. आई म्हणते, काचेतून बघायचं तर टीव्ही काय वाईट आहे? तिला तिथल्या लोकांसोबत बसमध्ये बसायचंय. म्हणून म्हटलं, आपणच ठरवू. पण कुठली बस कुठून सुटते आणि कुठे सोडते... डोकं चालेना. तुम्ही कधी गेला होतात?”

“मी नाही गेले.”

“मग एवढं कसं माहीत?”

चारुलताने ग्लास खाली ठेवला. “आवड आहे,” एवढंच ती म्हणाली.

खरं ते लांबलचक होतं. शहाद्याच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती टेक्निशियन होती. तिथली मैत्रीण प्रतिभा आणि ती, दोघींनी मिळून हाच प्रवास ठरवला होता. पासपोर्ट काढले, बसमार्ग शोधले, कुठे काय बघायचं ते पाठ केलं. मग प्रतिभाचं लग्न ठरलं. आणि चारुलताच्या घरून नेहमीचं उत्तर आलं — काय फिरायचं ते लग्नानंतर, नवऱ्यासोबत. पासपोर्ट कपाटात साड्यांखाली गेला. पण वाटा डोक्यातून गेल्या नाहीत. मशीनमध्ये रक्ताचे नमुने फिरत असताना ती फोनवर पिनांगच्या बसेस बघत बसायची. कधी न पाहिलेल्या गावांचे स्टँड तिला आपल्या शहाद्याच्या स्टँडइतके ओळखीचे झाले होते.

मागची गाडी आली ती खच्चून भरलेली. भूपेशने खिडकीतून रुमाल टाकून एक जागा धरली, तिला बसवलं, आणि स्वतः दांड्याला लटकत नंदुरबारपर्यंत आला. पुढे प्रकाशा या आपल्या गावच्या थांब्यावर ती उतरली. तापीवरून गार वारा येत होता. बस हलली, तसा तो खिडकीतून वाकला.

“चुकलो तर विचारायला कोणी हवं ना... नंबर द्याल?”

“चुकायच्या आधी विचारा,” ती म्हणाली.

आणि तिने नंबर दिला.

मग रोज संध्याकाळी फोन येऊ लागला. सुरुवातीला खरंच रस्त्यांसाठी. विमानतळावरून शहरात टॅक्सीने जायचं नाही, तळमजल्यावरून बस सुटते. शहरात काही बस चक्क फुकट आहेत, त्या कुठे थांबतात ते आधी बघून ठेव. बाटूच्या गुहेतल्या देवाला सकाळीच जा. पायऱ्या फार आहेत आणि ऊन चढलं की आईंचे गुडघे बोलतील. पिनांगच्या डोंगरावर जाणाऱ्या ट्रेनचं तिकीट इथूनच काढ, रांगेत उभं राहू नकोस.

‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. कळलं ते भूपेशच्या आईला.

“कालपावत तुम्ही-तुम्ही करी ऱ्हायंतास,” मागून शोभाबाईंचा आवाज आला, “आज काय व्हयनं?”

चारुलताने ओट्यावर बसल्या बसल्या गुडघ्यांत तोंड लपवलं. पलीकडे भूपेश खोकला.

“तर... तानारताची बस,” तो म्हणाला.

“तानाराता.”

“तेच ते, डोंगरातलं गाव. रस्ता कसा आहे?”

“घाट आहे. चांदसैलीचा घाट आठवतो? तसा. पण बाजूला चहाचे मळे. डाव्या बाजूची सीट घे, मळे डावीकडे दिसतात.”

“तुला सगळं माहीत. मला एक सांग, तू बसली असतीस तर कुठे बसली असतीस?”

फोनच्या पडद्यावर बसचा आराखडा उघडा होता. तिथल्या बसेसमध्ये एका बाजूला एकेक सीट, दुसऱ्या बाजूला जोडीच्या. डावीकडे एकेकट्या.

“आईंना डावीकडची एकटी सीट दे,” ती म्हणाली. “त्यांना खिडकी मिळेल. तू त्यांच्या बाजूच्या जोडीत बस.”

“मी माझं नाही विचारलं.”

“मला माहीत आहे तू काय विचारलंस,” चारुलता हळूच म्हणाली.

तापीपलीकडच्या उसात कोणीतरी पाण्याचा पंप बंद केला, आणि ती शांतता दोघांनी आपापल्या टोकाला ऐकली.

माघ लागला तशी एक दिवस शोभाबाईच लॅबमध्ये येऊन उभ्या राहिल्या. प्रवासाआधी साखर तपासून घ्यायची होती म्हणे. म्हसावदला लॅब नसल्यासारखी! नऊवारी, कपाळावर गोंदण, हातात कापडी पिशवी. मागे भूपेश, भिंतीवरचा मलेरियाचा तक्ता अगदी मन लावून वाचत उभा.

“तूच का ती सोमवारवाली?” शोभाबाईंनी विचारलं.

“हो, मावशी. मूठ मिटा.”

सुई टोचली तरी शोभाबाईंची नजर तिच्या तोंडावरून हलली नाही. “हात हलका शे तुन्हा,” त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, “बठ्ठं तू ठरायं. मंग तू बी चाल ना आमनासंगे.”

चारुलता कापसाचा बोळा दाबून धरत हसली. “मी कशी येणार, मावशी?”

“का? पाय नईत का तुले?”

भूपेशने तक्त्यावरून मान वळवली. दोघांची नजर भेटली. त्याच्या डोळ्यांत तोच प्रश्न होता, पण थट्टा नव्हती. चारुलताने घाईघाईने बाटलीवर नाव लिहायला घेतलं, आणि ‘शोभाबाई’मधली मात्रा दोनदा काढली.

त्याच आठवड्यात घरी स्थळ आलं.

मुलगा कॅनडात, नवनीत नावाचा. आपल्यातलाच, मूळ गाव तापीच्या वरच्या अंगाला. दोन आठवड्यांसाठी येणार, मुलगी पसंत पडली तर साखरपुडा करूनच जाणार. चारुलताच्या बापूंनी, रूपचंदभाईंनी, जेवताना सांगितलं आणि हसून म्हणाले, “तुला परदेश बघायचा होता ना? घे. आता कायमचाच.”

आई सरलाबाई भाकरी वाढत होती. तिने लेकीकडे पाहिलं.

सहा महिन्यांपूर्वी हेच ऐकून चारुलता कदाचित आनंदली असती. आता तिने ताट सरकवून ठेवलं. दुसऱ्या संध्याकाळी भूपेशचा फोन आला. चार दिवसांनी त्याचं विमान होतं. पासपोर्टच्या झेरॉक्स, विम्याचे कागद, आईचा थर्मास, सगळ्याची उजळणी झाली. मग ती म्हणाली,

“भूपेश... तुम्ही तिकडे असाल तेव्हा, पुढच्या रविवारी, मला बघायला येतायत. कॅनडाचा मुलगा आहे.”

पलीकडची कागदांची सळसळ थांबली. तिला वाटलं फोन तुटला.

“चांगलंय की,” शेवटी तो म्हणाला. आवाज कोरडा, कोणा परक्याचा. “कॅनडात बसेस... चांगल्या असतील.”

“असतील.”

“मग... ठेवतो.”

त्याने खरंच ठेवला. चारुलता ओट्यावर बसून राहिली. तिला त्याचा राग आला, मग स्वतःचा आला. त्याने काय म्हणायला हवं होतं? आणि आपण तरी काय ऐकायला थांबलो होतो? ठिबकच्या नळ्या मोजणारा म्हसावदचा पाटील, आणि आपण गुजर; जातच वेगळी. घरात नुसतं नाव काढलं तर बापूंचं जेवण थांबेल. हे दोघांनाही पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. म्हणूनच तर फक्त बसबद्दल बोलायचं, असं न ठरवता ठरलं होतं.

ते गेले. भूपेशचे निरोप आले, पण मोजके. ‘पोचलो.’ ‘बस मिळाली.’ ‘गुहेत आईने सगळ्या पायऱ्या चढल्या, मीच धापा टाकतोय.’ सोबत फोटो: जुळ्या मनोऱ्यांच्या काचेला नाक लावून उभ्या शोभाबाई, फुकटच्या बसमध्ये एका मलाय आजीला खाकरा देणाऱ्या शोभाबाई, त्याच आजीच्या गळ्यात हात टाकलेल्या शोभाबाई. चारुलता लॅबमध्ये नमुने लावता लावता घड्याळ बघायची आणि मनात तिथली वेळ जुळवायची. आता ते स्टँडवर असतील. आता घाट लागला असेल. तिने बोटाने आखलेल्या वाटेवरून ते दोघे चालत होते, आणि ती शहाद्यात, पांढऱ्या कोटात, एका खुर्चीवर. एखाद्या गावाची अशी ओढ लागते, हे तिला ठाऊक होतं. पण आता फोटो आला की ती मनोरे बघत नसे, डोंगर बघत नसे. काचेत कुठे फोटो काढणाऱ्याची सावली पडलीय का, ते शोधत असे.

रविवारी नवनीत आला. माणूस वाईट नव्हता. उलट चांगलाच होता. दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं तेव्हा त्याने आधी तिच्यासाठी खुर्ची सावलीत सरकवली.

“तुम्हाला फिरायची आवड आहे, असं ऐकलं,” तो म्हणाला.

“हो. तुम्ही काय काय पाहिलंत तिकडे?”

तो प्रामाणिकपणे आठवू लागला. “नायगरा पाहिला. पाहुणे आले होते तेव्हा. बाकी... घर, काम, घर. सुट्टीला झोप काढतो. पण गाडी आहे, बसबिस काही लागत नाही.”

चारुलताने मान हलवली. त्याची कीवही आली आणि त्याच्याविषयी बरंही वाटलं. इतकं खरं बोलणारा माणूस. तेवढ्यात हातातला फोन थरथरला. पडद्यावर भूपेशचं नाव. नवनीत हसला. “घ्या ना. मी खाली चहा बघतो.”

तिने फोन कानाला लावला, आणि आधी ऐकू आला तो पाऊस. फाल्गुनाच्या तोंडावर, इकडे गच्चीवर मिरच्या वाळत घातलेल्या, नदीकाठची केळी उन्हात मलूल झालेली, आणि फोनमध्ये बदाबदा कोसळणारा, पत्र्यावर नाचणारा, हजारो मैलांवरचा पाऊस.

“चारू?”

“कुठे आहेस?”

“बसमध्ये. घाटात. तुझे मळे उजवीकडे दिसतात, डावीकडे डोंगराची भिंत आहे नुसती.”

“अय्या... खरंच?”

“आई रागावलीय तुझ्यावर. माझ्या खिडकीतून वाकून बघत होती, आता झोपली.” तो थांबला. पाऊस तेवढा बोलत राहिला. “चारू, आज रविवार आहे, मला माहीत आहे. ते आले असतील. मी फोन करायला नको होता.”

“मग का केलास?”

“माझ्या शेजारची सीट रिकामी आहे म्हणून.”

ती कठड्याला टेकली.

“काल संध्याकाळी एका ठिकाणी रस्ता ओलांडला,” तो म्हणाला, “आणि पलीकडे जाऊन मागे वळून बघितलं, तू आलीस का म्हणून. आईने विचारलं, कोणले देखी ऱ्हायना? काय सांगू तिला? तू दाखवलेलं सगळं इथे आहे. तूच नाहीस. कॅनडा चांगला असेल, मी नको म्हणत नाही. पण न सांगता राहिलो असतो तर... तर जन्मभर मी त्या रस्त्यावरच उभा राहिलो असतो.”

चारुलताचे डोळे भरून आले. खालून बापूंचा आवाज आला: “चारू, पाहुणे थांबलेत!”

“भूपेश, मी...” तिने जिन्याकडे पाहिलं. “थांब,” ती म्हणाली. “जरा थांब माझ्यासाठी.”

“थांबतो,” तो म्हणाला. किती वेळ, असं त्याने विचारलं नाही.

खाली उतरताना जिन्यात नवनीत भेटला. तिच्या तोंडाकडे बघूनच तो समजला. “कोणीतरी आहे?” त्याने हलकेच विचारलं. तिने मान डोलावली. त्याने हातातला कप कठड्यावर ठेवला. “मग मीच घरी सांगतो, जमत नाही म्हणून,” तो म्हणाला. “तुम्हाला बोलणी नको बसायला.”

“नको,” चारुलता म्हणाली. “माझं मलाच सांगू दे.”

पाहुणे गेल्यावर तिने सांगितलं. बापू झोपाळ्यावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकच प्रश्न विचारला.

“आपल्यातला?”

“नाही.”

झोपाळा थांबला. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठून केळीच्या बागेत गेले आणि दिवे लागेपर्यंत आले नाहीत. आले तेव्हा पायांना चिखल होता आणि चेहरा दमलेला.

“वर्षभर थांब,” ते झोपाळ्यावर बसत म्हणाले. “या वर्षात त्याला भेटायचं नाही. वर्षाने हेच म्हणालीस, तर बघू. शब्द दे.”

बापूंना वाटत होतं, वर्षात पोरीच्या मनावरून हे उतरेल. तिलाही ते कळत होतं.

“देते,” चारुलता म्हणाली. “पण माझंही एक आहे. लग्नानंतर जा, लग्नानंतर जा, असं मी पाच वर्षं ऐकतेय. या वर्षात मी परदेशात जाऊन येणार. माझ्या पगारात.”

“एकटी?”

“आईला घेऊन.”

स्वयंपाकघरात पोळीवर फिरणारं लाटणं थांबलं. लग्नानंतर फिरवतो, असं सरलाबाईंनाही कोणीतरी एकेकाळी सांगितलं होतं. झोपाळ्यावरच्या त्या माणसाने आता मान खाली घातली.

“जा,” तो म्हणाला.

भेटणं बंद झालं. भूपेश शहाद्याला कामासाठी येई, लॅबच्या समोरच्या रस्त्याने जाई, पण वर बघत नसे, आणि काचेमागून तिला त्याची फक्त पाठ दिसे. शब्द तिने दिला होता, पाळत होता तोही. फोनवर मात्र वाटांची बोलणी पुन्हा सुरू झाली. फरक एवढाच, की आता रस्ते तो शोधत होता. श्रीलंका ठरली. कोलंबोहून गॉलला समुद्राच्या कडेने जाणारी बस कुठून सुटते, कँडीच्या देवळात कधी गर्दी नसते, उतरायला स्वस्त आणि स्वच्छ घर कुठे मिळेल, हे तो बागेतल्या पाण्याच्या मोटरीच्या खोलीत बसून वाचून काढायचा. त्या रविवारचं मात्र दोघांनी पुन्हा काढलं नाही. तिचं उत्तर बाकी होतं. तो विचारत नव्हता. आणि रोज फोन ठेवताना तिला वाटायचं, आज सांगायला हवं होतं.

श्रावण-भादवा गेला, दिवाळी गेली. मार्गशीर्षात मायलेकी निघाल्या.

कोलंबोच्या स्टँडवर लाल बस बघून सरलाबाई थबकल्याच. “अगं, ही तर आपली एसटी!”

खरंच तशीच. खडखडणारी, आत मोठ्याने गाणी, ड्रायव्हरच्या डोक्यावर बुद्ध आणि गणपती शेजारी शेजारी, रंगीत दिव्यांत लुकलुकणारे. सरलाबाई पदर खोचून चढल्या आणि शाळकरी पोरींच्या घोळक्यात जागा करून बसल्या. पाच मिनिटांत त्यांनी ठेपल्याचा डबा उघडला होता. न कळणाऱ्या भाषेत त्या पोरींशी हसत होत्या, आणि चारुलता त्यांच्याकडे बघत राहिली. आपली आई अशी हसते, हे तिला माहीतच नव्हतं. पोरी उतरून गेल्यावर सरलाबाईंनी डोकं मागे टेकलं आणि डोळे मिटले.

एका बाजूला समुद्र लागला. निळा, उन्हात चमकणारा, बसच्या अगदी हाताशी. इतका जवळ, की लाटेचे तुषार खिडकीच्या काचेवर आल्यासारखे वाटले. चारुलताने श्वास रोखला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हे होतं. ती त्यात बसलेली होती. आणि तरी छातीत एक जागा तशीच दुखत होती.

तिने फोन लावला.

“पोचलीस? बस बरोबर मिळाली?” भूपेशने घाईने विचारलं. मागे पाण्याची मोटर चालू होती. “उजवीकडे बसलात ना? मी दोनदा तपासलंय...”

“भूपेश, बसचं नको बोलू.”

त्याने मोटर बंद केली असावी. एकदम सगळं शांत झालं.

“मला तू आवडतोस,” चारुलता म्हणाली. “त्या दिवशी गच्चीवर म्हणायचं होतं. नंतर रोज म्हणायचं होतं. मला वाटायचं, मला जग बघायचंय आणि तू त्यातला एक रस्ता आहेस. आता समुद्र समोर आहे, आई सोबत आहे, काही कमी नाही... आणि मी दर क्षणी मनात तुला सांगतेय, हे बघ, ते बघ. वर्ष संपायला अजून वेळ आहे. बापू काय म्हणतील माहीत नाही. पण माझं हे आहे. वर्षाने हेच असेल, दहा वर्षांनीही हेच.”

पलीकडून एक लांब श्वास आला. “परत म्हण,” तो म्हणाला.

“नाही म्हणणार.”

“चारू, प्लीज...”

“दे इकडे तो फोन,” शेजारून आवाज आला.

सरलाबाईंचे डोळे टक्क उघडे होते. त्या कधीपासून जाग्या होत्या कोण जाणे. चारुलताच्या हातातून फोन पडायचाच बाकी राहिला. आईने तो घेतला, पदर सारखा केला, जणू समोरच्याला दिसणार होतं, आणि जरा मोठ्याने, परदेशातून बोलायचं म्हणून, बोलायला सुरुवात केली.

“मी सरला. चारूची आई.”

“हो... हो काकू. नमस्कार.”

“पुढच्या बुधवारी आमची गाडी नंदुरबारला येते. सामान फार आहे. स्टेशनवर घ्यायला या.”

“पण काकू,” तो अडखळला, “काकांनी भेटायचं नाही असं... चारूने शब्द दिलाय.”

“चारूने दिलाय,” सरलाबाई म्हणाल्या. “मी नाही दिलेला. तुम्ही मला भेटायला या. आणि एकटे नको, तुमच्या आईंना घेऊन या. तिथून सगळे मिळून आमच्या घरी चहाला जाऊ. ह्यांच्याशी मी बोलते. बत्तीस वर्षांत मी त्यांच्याकडे काही मागितलं नाही, आता मागते.”

त्यांनी फोन लेकीच्या हातात परत दिला आणि खिडकीकडे तोंड केलं.

“बोला आता,” त्या समुद्राकडे बघत म्हणाल्या. “मी ऐकत नाही.”